केमोच्या आधी विचारायचा प्रश्न

कर्करोगाचं निदान झालं की पहिले काही दिवस सगळं घर धावत असतं. बायोप्सीचा रिपोर्ट, पेट स्कॅन, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, पैशांची जुळवाजुळव, मुंबई-पुण्यात राहायची सोय. केमोची तारीख मिळाली की निदान एक गोष्ट मार्गी लागली असं वाटतं. रुग्ण विशीतला किंवा तिशीतला असेल तर नेमक्या याच दिवसांत एक प्रश्न विचारायचा असतो, आणि तो बहुतेक घरांत राहूनच जातो: या उपचारांनंतर मला मूल होऊ शकेल का, आणि अवघड असेल तर आत्ताच काही करून ठेवता येईल का?

डॉक्टर स्वतःहून हा विषय काढतील असं धरून चालू नका. गर्दीच्या ओपीडीत त्यांचं सगळं लक्ष गाठ आटोक्यात आणण्याकडे असतं. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, आधी जीव वाचू दे, मुलाबाळांचं पुढे बघू. त्या म्हणण्यात माया आहे. पण उपचारांनंतर बघायला गेलं तर अनेकदा बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्येच आपल्या डॉक्टरांना सांगितलं होतं की प्रजननक्षम वयातल्या रुग्णाशी हे बोलणं उपचार सुरू होण्याआधी, होईल तितक्या लवकर झालं पाहिजे. मूल होण्याची शक्यता जपून ठेवायचे उपाय आपल्याकडेही उपलब्ध आहेत. विचारणारी माणसं मात्र कमी आहेत. म्हणून पुढच्या भेटीत सरळ विचारा: “डॉक्टर, या औषधांनी माझ्या बीजांवर किती परिणाम होईल? पहिल्या केमोच्या आधी माझ्याकडे किती दिवस आहेत? मला आजच फर्टिलिटीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी द्याल का?” संकोच वाटत असेल तर हे कागदावर लिहून तो कागद पुढे करा.

सगळ्या उपचारांचा धोका सारखा नसतो, म्हणून आपल्या औषधांची नावं विचारून घ्या. सायक्लोफॉस्फमाइड, आयफॉस्फमाइड, प्रोकार्बाझिन, बुसल्फान, मेल्फालन या गटातली औषधं बीजांना सर्वात जास्त मारक असतात आणि एकूण मात्रा वाढत जाते तसं नुकसान वाढतं. हॉजकिन लिम्फोमाला दिल्या जाणाऱ्या ‘एबीव्हीडी’ या औषधसंचाने कायमचं वंध्यत्व येण्याचा धोका कमी असतो. त्याच आजाराला दिला जाणारा जास्त तीव्र ‘बीकॉप’ संच मात्र बराच घातक ठरतो. बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या आधीची जबर केमो आणि सर्वांगाचं रेडिएशन यांत धोका सर्वाधिक. ओटीपोटावर रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतो ते, घ्यायचं असेल तर बीजकोश तर जातोच, शिवाय गर्भाशयही ताठर होऊन गर्भ वाढवण्याची त्याची ताकद घटते. बीजकोशातली निम्मी कच्ची बीजं नष्ट व्हायला दोन ग्रेइतकं रेडिएशनही पुरतं, आणि उपचारात दिली जाणारी मात्रा त्याच्या कितीतरी पट असते.

स्त्री आणि पुरुष यांच्या शरीरात इथे मोठा फरक आहे. पुरुषाच्या वृषणात नवे शुक्राणू सतत तयार होत असतात. एका फेरीला साधारण अडीच महिने लागतात. केमोनंतर ती प्रक्रिया बंद पडली तरी मूळ पेशी शाबूत असतील तर काही महिन्यांनी किंवा दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा सुरू होऊ शकते. मुलगी मात्र जन्माला येतानाच आयुष्यभराची बीजं घेऊन येते. वयात येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख उरतात आणि नवं एकही तयार होत नाही. केमोने त्यांतली किती गेली हे पाळीवरून कळत नाही. पाळी परत आली म्हणून सगळं पूर्ववत झालं, असं अनेक मुली समजतात. प्रत्यक्षात साठा घटलेला असू शकतो आणि रजोनिवृत्ती दहा वर्षं आधी येऊ शकते.

आधी मुलांचं बोलू, कारण त्यांच्यासाठीचा उपाय सर्वात सोपा, स्वस्त आणि जुना आहे, तरीही तो सर्वात जास्त हुकतो. वीर्य गोठवून ठेवायचं. गोठवलेल्या वीर्यापासून पहिली बाळं १९५३ मध्ये जन्मली, म्हणजे हे तंत्र सत्तर वर्षांचं आहे. नमुना देण्याआधी दोन-तीन दिवसांचा खंड असला तर बरं, पण तेवढा वेळ नसेल तर एक दिवसही चालतो. शक्य असेल तर दोन-तीन नमुने द्यावेत. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्या आधी होतात. जवळपास सगळं काम एक-दोन दिवसांत उरकतं आणि खर्च हजारांतच राहतो. त्यानंतर दरवर्षी साठवणुकीचं भाडं द्यावं लागतं.

वृषणाचा कर्करोग आणि हॉजकिन यांत उपचार सुरू होण्याआधीच अनेकदा शुक्राणूंची संख्या खालावलेली असते. लॅबवाला म्हणेल, “काउंट फार कमी आहे.” तेवढ्यावर परत फिरू नका. १९९२ पासून ‘इक्सी’ हे तंत्र आहे. त्यात एका स्त्रीबीजात एकच शुक्राणू सुईने सोडला जातो. त्यामुळे मोजके जिवंत शुक्राणू असलेला नमुनाही जपून ठेवण्यासारखा असतो. केमोची एक फेरी होऊन गेल्यावर मात्र नमुना देऊ नये, कारण त्या शुक्राणूंमधल्या जनुकांना इजा झालेली असू शकते. वृषणाच्या कर्करोगात पोटातल्या गाठी काढायची शस्त्रक्रिया ठरली असेल तर त्याआधीही नमुना द्यावा. तिथल्या नसांना धक्का लागला तर पुढे वीर्य बाहेर येणंच थांबू शकतं.

अडचण बहुतेक वेळा वैद्यकीय नसतेच. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, नुकताच हादरलेला, शेजारी आई-वडील, आणि नर्स त्याच्या हातात डबी देते. त्याला लाज वाटते, तो “नको” म्हणतो आणि तिथेच गोष्ट संपते. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की त्या वेळी खोलीबाहेर जा. डॉक्टरांना किंवा पुरुष समुपदेशकाला मुलाशी एकट्याने बोलू द्या. त्याला एवढंच सांगा की यात लाजण्यासारखं काही नाही, हा रक्ततपासणीसारखाच तपासणीचा एक भाग आहे. केंद्रातल्या खोलीत जमत नसेल तर घर किंवा लॉज जवळ असल्यास तिथून नमुना आणता येतो. तासाभरात, अंगाच्या उबेला धरून आणायचा. वयात आलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगाही नमुना देऊ शकतो. नाहीच जमलं किंवा वीर्यात शुक्राणूच नसले, तर भूल देऊन वृषणातून ऊतीचा छोटा तुकडा घेऊन त्यातून शुक्राणू शोधता येतात. वयात न आलेल्या मुलांसाठी वृषणाची ऊती गोठवण्याचं काम जगात काही ठिकाणी चालू आहे, पण ते अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे. कुणी त्याची हमी देऊ लागलं तर विश्वास ठेवू नका.

मुलींसाठी सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे स्त्रीबीजं गोठवणं. अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये त्यावरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढला. एरवी महिन्याला एक बीज पिकतं. इथे साधारण दहा ते चौदा दिवस रोज पोटाच्या कातडीखाली इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक बीजं पिकवतात, दोन-तीन दिवसांआड सोनोग्राफी करतात आणि शेवटी थोड्या वेळाची भूल देऊन सुईने ती बाहेर काढतात. त्याच दिवशी घरी जाता येतं. बीजं झटकन गोठवून उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात. यामुळे शरीरातला साठा लवकर संपेल ही भीती बऱ्याच आयांना असते, पण तसं होत नाही. त्या महिन्यात पिकायला निघालेली आणि एरवी आपोआप विरून जाणारी बीजंच इथे वाचवली जातात.

पूर्वी यासाठी पाळीची वाट बघावी लागे आणि तोवर केमोची तारीख उलटून जाई. आता पाळीच्या कुठल्याही दिवशी इंजेक्शनं सुरू करता येतात. म्हणून “पाळी नुकतीच होऊन गेली, आता वेळ नाही” असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या तज्ज्ञाला विचारा. ‘दोन आठवडे मिळतील का’ हा प्रश्न कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारायचा आणि त्यांचं उत्तर अंतिम मानायचं. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया आणि केमो यांच्यामध्ये सहसा तीन-चार आठवडे जातातच, तेवढ्यात हे बसतं. आपल्या देशात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा बऱ्याच कमी वयात दिसतो, त्यामुळे ज्यांचं लग्न किंवा पहिलं बाळंतपण अजून व्हायचं आहे अशा मुली त्यात पुष्कळ असतात. त्यांच्या मनात रास्त शंका येते की या इंजेक्शनांनी हार्मोन वाढून गाठ फोफावणार नाही ना? त्यासाठी सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या देतात. त्यांनी इस्ट्रोजेनची पातळी दबलेली राहते, आणि या पद्धतीने बीजं गोठवलेल्या स्त्रियांमध्ये आजार परत येण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलेलं नाही.

लग्न न झालेल्या मुलीच्या बाबतीत घरात वेगळीच घालमेल असते. सोनोग्राफी आणि बीजं काढणं सहसा योनीमार्गे होतं, आणि “पुढे लग्नात अडचण आली तर?” हा विचार आईच्या मनात येतो पण तोंडातून बाहेर येत नाही. तो डॉक्टरांसमोर बोलून दाखवा. सोनोग्राफी पोटावरूनही करता येते, बीजं काढताना भूल असते आणि काही वेळा पोटाच्या बाजूनेही ती काढता येतात. पण मुलगी सज्ञान असेल तर निर्णय तिचा आहे. तिला खोलीबाहेर बसवून मामा-काकांनी तिच्या शरीराबद्दल ठरवू नये.

विवाहित जोडप्यांना बहुधा भ्रूण गोठवायला सुचवलं जातं. ते चांगलंच आहे, पण भ्रूण दोघांचा असतो आणि तो वापरायला दोघांची संमती लागते. आजारपणात नाती ताणली जातात, कधी तुटतात. त्यामुळे विवाहित स्त्रीनेही निदान काही बीजं स्वतंत्र गोठवावीत, असं माझं मत आहे. आणि आकड्यांबद्दल भ्रम नको. पंधरा बीजं ठेवली म्हणजे पंधरा बाळं नव्हेत. काही बीजं वितळवताना जातात, काही फळत नाहीत, काही भ्रूण रुजत नाहीत. वय जितकं कमी, तितकी आशा जास्त.

दोन आठवडेही हातात नसतील किंवा मुलगी अजून वयात आलेली नसेल, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने बीजकोशाचा भाग काढून गोठवतात आणि आजार बरा झाल्यावर परत बसवतात. अशा ऊतीपासून पहिलं बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं. त्याच्या आईला हॉजकिन झालेला होता. अमेरिकेत २०१९ मध्ये या उपायावरचाही प्रायोगिक शिक्का निघाला. ल्युकेमियात मात्र ती ऊती परत बसवणं धोक्याचं, कारण तिच्यात रोगाच्या पेशी लपलेल्या असू शकतात. फक्त ओटीपोटाला शेक द्यायचा असेल तर आधी बीजकोश वर सरकवून शेकाच्या टप्प्याबाहेर टाकून ठेवता येतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग अगदी सुरुवातीचा असेल तर केवळ मुख काढून गर्भाशय वाचवणारी शस्त्रक्रिया होते. गर्भाशयाच्या अस्तराचा सुरुवातीचा कर्करोग निवडक तरुणींमध्ये काही काळ हार्मोनच्या गोळ्यांवर आवरता येतो. “गर्भाशय काढावं लागेल” हे ऐकल्यावर सही करण्याआधी एवढं एकदा विचारा.

दर महिन्याच्या एका इंजेक्शनाबद्दलही ऐकायला मिळेल. गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइड हे इंजेक्शन केमो चालू असेपर्यंत बीजकोशाला झोपवून ठेवतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हार्मोनशी संबंध नसलेल्या स्तनाच्या कर्करोगात, हे इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ८ टक्क्यांचे आणि न घेणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांचे बीजकोश बंद पडले. म्हणजे त्याचा उपयोग आहे. पण ते बीजं गोठवण्याच्या जोडीला घ्यायचं असतं. “इंजेक्शन देतोय, आता गोठवायची गरज नाही” हे बरोबर नाही.

आणि काही वेळा खरोखरच काही करता येत नाही. तीव्र ल्युकेमियाच्या मुलीचे प्लेटलेट घसरलेले असतात, ताप असतो, उपचार आज सुरू करावे लागतात. अशा वेळी थांबू नये. आजार पहिल्यांदा आटोक्यात आला की पुढच्या जबर उपचारांआधी, विशेषतः ट्रान्सप्लांटच्या आधी, पुन्हा एकदा विचारावं. त्या टप्प्यावर कधी थोडी सवड मिळते. थॅलेसेमियासाठी ट्रान्सप्लांट होणाऱ्या मुलांच्या आणि ल्युपससाठी सायक्लोफॉस्फमाइड घेणाऱ्या तरुणींच्या घरच्यांनीही हेच लक्षात ठेवावं. त्यांना कर्करोग नसला तरी औषधं तीच आहेत.

आता कागदपत्रं आणि पैसे. २०२२ च्या जानेवारीपासून आपल्याकडे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा लागू आहे. केंद्राची नोंदणी आहे का, ते प्रमाणपत्र बघायला मागा. भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं साठवता येतो. स्वतःची बीजं किती काळ ठेवणार, मुदत संपत आली की कोण कळवणार, हे करारात वाचा आणि फोन नंबर बदलला तर केंद्राला सांगा. स्वतःची बीजं दुसरीकडे हलवायची तर कायद्यात राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीची अट आहे. म्हणून लातूरचा मुलगा उपचाराला मुंबईत आला असेल तर पुढे कुठे राहणार आहोत याचा विचार करून केंद्र निवडावं. वापरतानाही वयाची अट आहे: स्त्रीसाठी २१ ते ५०, पुरुषासाठी २१ ते ५५.

फॉर्मवर एक रकाना असतो: माझा मृत्यू झाला तर या नमुन्याचं काय करावं? घाईघाईत त्यावर खूण करू नका. केमोच्या आधी वीर्य गोठवलेल्या एका अविवाहित तरुणाने मृत्यूनंतर नमुना नष्ट करावा असं लिहून दिलं होतं, घरच्यांना न विचारता. तो गेल्यावर आईने नमुना मागितला, केंद्राने नकार दिला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०२५ च्या जूनमध्ये, सुनावणी होईपर्यंत नमुना जपून ठेवा, असा अंतरिम आदेश न्यायालयाने दिला. त्याच्या आदल्या वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच प्रकरणात पालकांच्या बाजूने निकाल दिला होता आणि मृत व्यक्तीची संमती दाखवता येते का, हा मुद्दा कळीचा मानला होता. रुग्णाची इच्छा काहीही असो, ती विचार करून लिहिलेली असावी आणि घरात एका तरी माणसाला ठाऊक असावी. हे बोलणं कठीण आहे, तरीही करावंच लागतं.

बीजं गोठवण्याचा खर्च इंजेक्शनांसकट लाखाच्या वर जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, हा खर्च मात्र सहसा खिशातूनच करावा लागतो. बहुतेक विमा पॉलिसीही वंध्यत्वाशी संबंधित खर्च वगळतात. मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. ट्रस्टची मदत मिळवायला तिथेच जायचं. काही केंद्रं कर्करोगाच्या रुग्णांना सवलत देतात, ती मागावी लागते. एवढे पैसे उभे राहत नसतील तर त्याचा दोष स्वतःला देऊ नका.

उपचार चालू असतानाचं आणि संपल्यावरचं थोडं. केमो चालू असताना पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो आणि त्या औषधांत तो राहणं घातक असतं, म्हणून गर्भनिरोधक हवंच. कोणतं, ते डॉक्टरांना विचारून, कारण स्तनाच्या कर्करोगात हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत. हार्मोनशी संबंधित स्तनाच्या कर्करोगात हार्मोनचा परिणाम रोखणारी टॅमॉक्सिफेनची गोळी पाच ते दहा वर्षं चालते आणि त्या काळात गर्भधारणा नको, मग वयाचं काय? यावर २०२३ मध्ये एक दिलासा देणारा अभ्यास आला. हार्मोनशी संबंधित स्तनाचा कर्करोग झालेल्या, ४२ पर्यंतच्या स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन मग बाळासाठी दोन वर्षांपर्यंत त्या थांबवल्या, तेव्हा पहिल्या काही वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण वाढलं नाही. लांबचे निष्कर्ष यायचे आहेत, आणि गोळ्या स्वतःहून थांबवायच्या नाहीत.

“बाळाला कर्करोग होईल का?” हा प्रश्न सासरी-माहेरी नेहमी विचारला जातो. उपचारांनंतर पुरेसा काळ जाऊ देऊन झालेल्या मुलांमध्ये जन्मजात व्यंगं जास्त आढळत नाहीत. कर्करोग सहसा वारशाने जात नाही. बीआरसीए जनुकातल्या दोषासारखे काही अपवाद आहेत. घरात आई, मावशी, आत्या यांना स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झालेला असेल तर जनुक तपासणी करून घ्यावी. दोष सापडला तरी भ्रूण तपासून निवडण्याची सोय आहे. गर्भाशय उरलं नसेल तर कायद्यात बसणारी, पैशांच्या मोबदल्याशिवायची सरोगसी आहे, आणि दत्तक घेण्याचा मार्ग बऱ्या झालेल्या रुग्णांनाही खुला असतो. कुणाला मूल नकोच असेल तर तोही पूर्ण निर्णय आहे. फक्त तो रुग्णाने स्वतः घेतलेला असावा.

तुमच्या घरात, शेजारात, ऑफिसात कुणा तरुण मुलाला किंवा मुलीला कर्करोगाचं निदान झालं असेल आणि पहिली केमो अजून व्हायची असेल, तर आजच त्यांना फोन करा आणि डॉक्टरांना हा प्रश्न विचारला का, एवढं विचारा. विचारला नसेल तर उद्या सकाळच्या ओपीडीत त्यांच्यासोबत जा.